पुतळी, कडी काढलेली

पहिली चूक मी पहिल्याच रात्री केली.
रिठ्याचं पाणी कोमट केलं, जुना टूथब्रश घेतला
आणि पुतळी घासली,
सणाला तांब्याची कळशी घासावी तशी.
फंडाच्या पैशातून घेतलेली, कागलच्या एका मोडीतून.
शालन म्हणाली, एवढ्यात माझ्या साजाची चार पानं झाली असती.
सकाळी ती इतकी चमकली
की मला वाटलं, आता हिची किंमत दुप्पट.

गुजरीत तवनाप्पांनी ती हातातच घेतली नाही.
"धुतलीस?"
"व्हय."
"लेका, दोनशे वर्षं धरलेली साय
एका रात्रीत खरवडलीस."

मग चहा सांगितला, आणि शिकवायला बसले.
नाणं कडेनं धरायचं, पोटाला अंगठा लावायचा नाही.
खाली मऊ फडकं.
दिवा डावीकडून, तिरका.
भिंग डोळ्याला चिकटवून नाणं भिंगाकडं आणायचं,
भिंग नाण्याकडं न्हवं.
आधी उंचवटे बघ: गाल, खांदा, गुडघा.
झीज तिथनं सुरू होते.
(माझीही तिथनंच झाली.)

श्रेण्यांची नावं मात्र सगळी सौजन्याची.
फाईन म्हणजे बऱ्यापैकी झिजलेलं.
व्हेरी फाईन म्हणजे नाकाचा शेंडा गेलेला.
गुड म्हणजे जवळपास काहीच उरलं नाही,
सोयरिकीत "मुलगा शांत आहे" म्हणतात, तसं.

मी उद्यमनगरातला टर्नर, छत्तीस वर्षं लेथवर.
पुढच्या शनिवारी व्हर्नियर घेऊनच गेलो.
तवनाप्पा हसले, पण मापं लिहून घेतली.
वजन तीन ग्रॅम एक्केचाळीस.
कसोटीवर तिला ओढली नाही,
"आता आणि एक ओरखडा कशाला," म्हणाले.

"ऐक. ही परदेशातनं आलेली न्हवं,
हितल्याच कुणा सोनारानं बघून केलेली.
संत आहे, राजा गुडघ्यावर आहे,
पण कडेची अक्षरं बघ, अक्षरं न्हवंत ती,
लिहिता न येणाऱ्यानं मांडलेल्या काड्या आहेत.
वर, बाराच्या ठिकाणी, डाग दिसतोय?
तिथं कडी होती. माळेतली आहे ही.
आणि तिसरं खोट, तू."
"मग किंमत?"
"सोन्याचा भाव. वर काही न्हाई."

रात्री पुन्हा भिंग.
संताची बाजू ठसठशीत, दाढीसुद्धा मोजता येते.
मागची गुळगुळीत, चांदण्यांच्या जागी नुसता पुरळ.
कमरेच्या कशात, गल्ल्यात फिरलेलं नाणं
दोन्हीकडून झिजतं.
एकाच अंगाला झीज म्हणजे
शाफ्ट रोज त्याच बुशात, त्याच जागी घासतोय.
हे मला कुणी शिकवायला नको.
आणि डावीकडं सात शतांश जास्त.
डाव्या खांद्यावर मूल घेत असेल.
किंवा त्या कुशीवर झोपत असेल.
किंवा माळच वाकडी ओवलेली.
व्हर्नियर सात शतांशाच्या पुढं बोलत नाही.

तवनाप्पांना दाखवलं.
त्यांनी चहा निवेपर्यंत बघितलं.
गिऱ्हाईक आलं, गेलं, ते बघतच होते.
"कॅटलॉगात याला रकाना न्हाई रे," म्हणाले.
भाव तोच राहिला.

आता ती पांढऱ्या पाकिटात आहे,
कपाटात, इन्शुरन्सच्या कागदांखाली.
पाकिटावर पेन्सिलीनंच लिहायचं, तवनाप्पांचा नियम,
माणसाचं मत बदलतं:

पुतळी, देशी नक्कल. ३.४१ ग्रॅम.
कडी काढलेली.
मागं झीज, डावीकडं जास्त.
श्रेणी – इथं तीनदा लिहून तीनदा खोडलंय,
कागद पातळ झालाय.
धुतली: मी, कार्तिकात, रिठ्यानं.

ही शेवटची ओळ तेवढी पेननं.